एकशे पंचाहत्तर

हरणार हे माहीत होतंच.
त्याचं कोणाला काही नव्हतं.
राष्ट्रपतिपदाचा आपला उमेदवार म्हणजे
एक निवृत्त न्यायमूर्ती, वय एक्क्याऐंशी,
कोणीतरी उभं राहायलाच हवं
म्हणून उभा केलेला माणूस.
मुंबईला जाताना तासभर आपल्याकडे थांबला,
शनिवार पेठेतल्या बावीस पायऱ्या
कठडा धरून चढला,
आणि सगळ्या नेत्यांना सोडून मला विचारलं,
'सभासदांची वही कोण लिहितं?'
मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.
'अक्षर चांगलं आहे,' म्हणाला.
एवढंच.

निकालाच्या संध्याकाळी टीव्ही लावला
तो पराभव बघायला नव्हे.
पराभवाचं निवेदन दुपारीच टाइप झालं होतं,
'ही विचारांची लढाई होती',
खाली शहराध्यक्षांची सही,
फक्त मतांच्या फरकाची जागा कोरी.
मग राज्याची बेरीज आली
आणि फिरोज तांबोळी म्हणाला,
'ढेबेकाका, पुन्हा करा.'
मी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने केली.
एका आमदाराचं मत एकशे पंचाहत्तर.
कमी पडले पंधराशे पंचाहत्तर.
भागिले.
नऊ.
उलटं करून पाहिलं, गुणून पाहिलं,
नऊच.

आपल्या तेविसांतले नऊ.
मतदान गुप्त. पेन तिथलंच,
जांभळ्या शाईचं, आत मिळतं,
बाहेर पडताना परत द्यायचं.
बोटावर खूण नाही, खिशात पेन नाही,
माणूस गेला होता तसाच स्वच्छ बाहेर येतो.

जिल्ह्यातले आपले आमदार चार.
दुसऱ्या दिवशी चौघेही आले.
चौघांनीही सांगितलं, गद्दार शोधून काढा.
चौघांनीही चहात साखर कमी सांगितली.
पूर्वी एका सोफ्यावर मावायचे,
त्या दिवशी मला शेजारच्या क्लासमधून
खुर्च्या आणाव्या लागल्या.

शिस्तपालन समिती नेमली.
समितीत सदस्य नऊ.
कोणीतरी फिसकन हसलं,
आणि सगळ्यांनी आधी
कोण हसलं ते पाहून घेतलं.

हरलो त्या दिवशी पक्ष फुटला नाही.
हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे लोक तारीख विचारतील.
त्या दिवशी फक्त बोलता बोलता
माणसं दाराकडे बघायला लागली.
श्रावणात दोन सत्यनारायण झाले, एकाच दिवशी,
एक कोथरूडला, एक हडपसरला,
आणि कोण कुठल्या प्रसादाला गेलं
याची यादी मला दोन्हीकडून मागितली गेली.
महापालिकेच्या तिकिटासाठी दरवर्षी
जिन्यात रांग लागायची, भांडणं व्हायची,
एकदा तर चप्पल उडून ट्यूबलाइट फुटली होती.
या वेळी सत्तर अर्ज नेले,
भरून आणले अकरा.
भांडण एकही नाही.
मला त्या ट्यूबलाइटची फार आठवण झाली.

जनता वसाहतीतल्या कमल गायखे,
तीस वर्षं आपली पत्रकं वाटणाऱ्या,
टेकडी उतरून आल्या, विचारलं,
'दादा, आपण आहोत ना अजून?'
आहोत, म्हणालो.
माझ्यापेक्षा पंख्याचा आवाज मोठा होता.

काल खालच्या अमृततुल्यचा दवे
पहिल्यांदाच स्वतः वर आला, वही घेऊन.
'पैसे नाही मागत, काका, नाव मागतोय.
उधारी कोणाच्या खात्यावर लिहू,
धुमाळसाहेबांच्या का बाईंच्या?
दोघंही म्हणतात, पक्ष आमचा.
आणि दोघंही म्हणतात, चहा त्यांचा.'

मी सभासदांची वही मिटली.
खिडकीतून नदीपात्रातला रस्ता दिसत होता,
गाड्या दोन्हीकडून चाललेल्या.
'माझ्या नावावर लिही,' म्हणालो.
त्याने लिहिलं, ढेबे.
थोडा थांबला. दया आली असेल,
किंवा हिशेबाची सवय असेल.
पुढे कंस काढला,
आणि कंसात, अगदी बारीक अक्षरात,
पक्ष.